चिंचोके

तालुक्याहून आलेल्या मॅडमनी विचारलं,
गावात धोका कुठं आहे?
आम्ही सगळ्यांनी एकदमच नदीकडं हात केला.
त्या म्हणाल्या, वैनगंगा तर सरपंचाच्या बांधीलाही लागून वाहते,
तिथं का नाही धोका?
कोणी बोललं नाही.
कवडू तंबाखू चोळत म्हणाला,
"थे उचावर हायेत ना जी."

मग शाळेच्या पटांगणात गाव काढलं.
रांगोळी संपली म्हणून नदी राखेची.
फुलवंतानं तिचं वळण तीनदा पुसून दुरुस्त केलं;
कपडे धुणाऱ्या बायांना नदी पाठ असते.
विटेचा तुकडा म्हणजे पक्कं घर,
ढेकूळ म्हणजे मातीचं,
आणि चिंचोका त्या घरावर
जिथल्या माणसाला पळता येत नाही.

पहिला चिंचोका पडायला फार वेळ लागला.
घरात कोण बहिरं, कोण आंधळं,
कोण रात्री पिऊन पडतं,
हे चौकात सांगतं का कोणी?
मी कोतवाल, मला सगळ्यांचं ठाऊक,
मीही पायाकडं पाहत उभा.
शेवटी रेवनाथच्या सातवीतल्या पोरीनं
आजाच्या नावानं एक ठेवला.
मग भराभर.
वरच्या आळीत चार,
ढिवरटोलीत इतके, की ढेकळं दिसेनात.

बावीस.
मी वहीत लिहून घेतले,
कोणाला किती माणसं लागतात, त्याच्यासकट.

तान्ह्या पोळ्याच्या रात्री धरणाची दारं उघडली.
मोबाइलवर मेसेज आला म्हणतात.
आला असेल.
टोलीत तीन दिवस लाइट नव्हती,
फोन मेलेल्या मासोळ्यांसारखे उताणे पडले होते.
मी डफडं घेतलं, बगलेत वही.
बहिऱ्या सोमाजीचं दार ठोकून उपयोग नाही,
खाटेचा खुर हलवायचा: वहीत होतं.
म्हशीचं दावं आधी सोडलं
तरच शेवंताबाई उठते: होतं.
नाटकात राजा होणारा बिसन
खाटेसकट उचलावा लागेल: तेही होतं.
रेवनाथचा धाकटा लाकडी बैलाशिवाय निघेना.
बैल वहीत नव्हता.
घेतला.

पाणी आलं ते आवाज न करता,
आधी अंगणात, मग चुलीत.

पहाटे शाळेच्या वऱ्हांड्यात मोजले.
बावीस.
वही बरोबर होती.
तेवढ्यात यशोदाची माय म्हणाली,
"कोतवालबावा, माही पोरगी?"

बाळंतपणाला परवाच आली होती नागभीडहून.
गाव काढलं तेव्हा ती गावात नव्हती.
माय म्हशींमागं निघाली, तिला वाटलं पोरगी बायांसंग पुढं गेली.

कवडूनं डोंगा घातला.
सापडली, धानाच्या ढोलीवर चढून बसलेली,
दोन्ही हात पोटावर.
सापडली, बरी आहे, मुलगी झाली पुढं.
पण तो पाऊण तास
मी कोणत्या पानावर लिहू?

नकाशा रातच्या भातासारखा विटतो,
हे मला त्या दिवशी कळलं.

आता दर बाजाराच्या दिवशी विचारत फिरतो:
कोण आलं, कोण गेलं, कोणाला दिवस गेले,
कोणाचा पोरगा पुण्याला कामावर गेला
आणि मागं दोन म्हातारे उरले.
लोक म्हणतात, कोतवाल भलत्या चौकशा करतो.
टोलीला उचावर जागा द्यावी
असा ठराव तीन ग्रामसभांत झाला.
ठरावाला पाय नाहीत;
त्याच्यावरही एक चिंचोका ठेवावा लागेल.

यंदाही पटांगणात राख सांडली, नदी झाली.
फुलवंतानं वळण पुन्हा पुसलं,
म्हणाली, पुरानंतर ती थोडी इकडं सरकली.

एक चिंचोका माझ्या खिशात आहे,
बिडीच्या बंडलाशेजारी.
कोणत्या घरावर ठेवायचा ते मला माहीत आहे,
डाव्या गुडघ्याला तर माझ्याआधी माहीत आहे.
अजून ठेवला नाही.